खायचा नाही, मग धरतोस कशाला?

अमेरिकेत राहून मासेमारीचा छंद लागला असं सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र येतं. बर्फाचे डोंगर, काचेसारखी नदी, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला हॅटवाला माणूस आणि त्याच्या हातात ठिपक्याठिपक्यांची ट्राउट. मी राहतो कोलोरॅडोत, डेन्व्हरमध्ये. म्हणजे हे चित्र माझ्या घरापासून गाडीने तास-दीड तासावर आहे. पण शनिवारी पहाटे सगळे डोंगराकडे निघतात तेव्हा मी बरोबर उलट्या दिशेला, शहरात जातो.

डेन्व्हरच्या मधोमध साउथ प्लॅट नावाची नदी आहे. एका अंगाला हायवे, दुसऱ्या अंगाला सायकल ट्रॅक, वर पूल, आणि पुलाखाली पाण्यात आडवी पडलेली सुपरमार्केटची ट्रॉली. त्या ट्रॉलीच्या आसपास माझा मासा असतो. कार्प.

आपल्या रोहू-कटल्याच्याच खानदानातला हा मासा. आपल्याकडच्या तळ्यांतही तो आता आहे, मत्स्यविभागाच्या कागदांवर त्याला सायप्रिनस म्हणतात. जाडजूड, सोनेरी-तपकिरी, तोंडाजवळ दोन्ही बाजूंना दोन-दोन मिशा आणि चेहऱ्यावर कायम सरकारी बाबूचे भाव. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सांगितलं की मी फ्लाय रॉडने कार्प पकडतो, तर तो म्हणाला, "दॅट्स अ ट्रॅश फिश, मॅन." कचरा मासा. इथे बहुतेकांचं मत हेच आहे.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नेहमीच्या गळाला टोकाशी वजन असतं, त्या वजनामागून दोरी जाते. इथे उलटं. टोकाशी असते 'फ्लाय', म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं ते जाड रंगीत लाइनला. रॉड मागे-पुढे करून ती लाइन हवेत उलगडायची आणि तिच्या शेवटी तो किडा अलगद टेकवायचा. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जो वाइस होता त्याचं पिल्लू शोभेल असा एक छोटा वाइस टेबलाला अडकवून मी हे किडे घरी बांधतो. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत फिटिंगच्या जॉबला जेवढं लक्ष दिलं नाही तेवढं आता या पाऊण इंची किड्यांना देतो. :)

आता गंमत अशी की कार्प हा वासाचा आणि चवीचा मासा आहे. त्याच्या मिशांवरसुद्धा चव कळणाऱ्या पेशी असतात. त्यामुळे जगभर त्याला कणीक, मका, बटाटा असलं काहीतरी लावून पकडतात. माझ्या किड्याला ना वास, ना चव. तेव्हा त्याला फसवायचं तर फक्त डोळ्यांनी. तो दिसला पाहिजे, खातोय हे ओळखता आलं पाहिजे आणि किडा त्याच्या नाकापासून वीतभर अंतरात पडला पाहिजे. दोन वीत लांब पडला तर त्याला पत्ता नाही, डोक्यावर पडला तर तो गायब. यावर इथल्या कार्पवाल्यांनी एक युक्ती काढली आहे. किडा माशाच्या पलीकडे टाकायचा, रॉड उंच धरून पाण्याच्या वरच्या वर ओढत त्याच्या तोंडासमोर आणायचा आणि तिथे सोडायचा. या युक्तीचं अधिकृत नाव आहे 'ड्रॅग अँड ड्रॉप'. हे कळलं त्याच दिवशी ठरवलं, हा आपलाच खेळ!

या माशाचा इथला इतिहासही ऐकण्यासारखा आहे. कार्प मूळचा अमेरिकेचा नाही. १८७७ साली रुडॉल्फ हेसेल नावाच्या माणसाने अमेरिकन सरकारच्या फिश कमिशनसाठी युरोपातून ३४५ जिवंत कार्प आणले. बाल्टिमोरच्या एका बागेतल्या तळ्यात ते ठेवले, मग काही वॉशिंग्टनला हलवले. पिल्लं झाली तशी ती रेल्वेने देशभर वाटायला सुरुवात झाली. लोक आपापल्या काँग्रेसमनला पत्र लिहून कार्प मागवत. १८८३ साली ३०१ मतदारसंघांपैकी २९८ मतदारसंघांत सरकारी कार्प पोचले होते. स्वस्त, भराभर वाढणारं, कुठल्याही डबक्यात जगणारं अन्न, अशी त्याची जाहिरात होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हवा पालटली. हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, बदकांचं आणि स्थानिक माशांचं खाणं संपवतो, अशा तक्रारी सुरू झाल्या. तक्रारी खोट्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण ज्या १८८३ साली कार्पचं वाटप जोरात होतं, त्याच साली जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी अमेरिकेत आली. रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची. कोलोरॅडोची अस्सल भूमिपुत्र ट्राउट एकच, कटथ्रोट. म्हणजे डोंगरात ज्यांच्यासाठी लोक हजारो डॉलर खर्च करतात त्यातल्या बहुतेक ट्राउटही उपऱ्याच. एकीला मखरात बसवलं, दुसऱ्याला कचरा म्हटलं. सरकारी आमंत्रणावरून आलेला आणि नंतर लोकांना नकोसा झालेला मासा... व्हिसावर असलेल्या माणसाला त्याच्याबद्दल थोडी आपुलकी वाटणारच. असो.

हंगाम सुरू होतो एप्रिलमध्ये. डेन्व्हरचा एप्रिल म्हणजे सकाळी बर्फ आणि दुपारी टीशर्ट. नदीचं पाणी दहा-बारा अंशांवर गेलं की हिवाळाभर खोल डोहात सुस्त पडलेले कार्प उथळ, उन्हाच्या जागी यायला लागतात. सुरुवातीला दिसत नाहीत. पोलराइज्ड गॉगल लावून तासभर पाण्याकडे बघत बसलं की मग एखादा 'दगड' हळूच सरकतो. डोकं खाली, शेपूट वर, तोंडाशी धुरळ्याचा छोटा ढग. म्हणजे साहेब जेवतायत. तेव्हा श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. कार्पच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. ती पिशवी ढोलासारखी थरथरते आणि आवाज थेट आत पोचतो. काठावरच्या खडीवर बूट करकरला की कार्यक्रम संपला.

गेल्या एप्रिलमध्ये मोसमातला पहिला मासा लागला. किडा तोंडात गेल्याचा झटका वगैरे काही बसत नाही. कार्प तो शोषून घेतो आणि खोटा वाटला तर सेकंदाभरात थुंकतो. दिसतं एवढंच की डोकं किंचित वळलं, कल्ले फुगले, शेपटीला एक शहारा आला. त्या क्षणी रॉड उचलायचा. उचलला, आणि पुढची दहा मिनिटं रील किंचाळत होतं. चारेक किलोचा असेल. जाळीत घेतला, पाण्यातच गळ काढला, फोटो काढला, सोडला. फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. इथे सकाळचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसात. पाच मिनिटांत अण्णांचा फोन.

"केवढा होता?"

"चारेक किलो असेल, अण्णा."

"सोडलास?"

"हो, लगेच."

"मग धरलास कशाला?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. इथे कॅच अँड रिलीज म्हणतात, माशाला काही होत नाही, हा एक स्पोर्ट आहे, वगैरे. अण्णांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेत, समोरच्याचं उत्तर संपेपर्यंत थांबायची सवय आहे. मग म्हणाले, "आपल्याकडचा भोई पोटासाठी धरतो. त्याचं मला समजतं. खायचा नाही, विकायचा नाही, तर त्याच्या तोंडात काटा कशाला घालायचा?"

इथे थोडं घरचं सांगायला हवं. आमचं गाव उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. सगळ्या पंचक्रोशीत मासे, संध्याकाळी वाऱ्यावर तळलेल्या चिलापीचा वास, आणि आमच्या घरात माळ. अण्णा माळकरी, आजोबा माळकरी. मी होस्टेलला गेल्यावर खायला लागलो हे अण्णांना माहीत आहे आणि त्यांनी त्यावर कधी एक शब्द काढलेला नाही. देहूला गेलो की इंद्रायणीच्या घाटावर माशांना चुरमुरे टाकायचे, हा माझा माशांशी लहानपणीचा संबंध. तेव्हा त्यांचा प्रश्न म्हणजे म्हाताऱ्या माणसाची कुरकुर नव्हती. तो सरळ प्रश्न होता आणि मला उत्तर हवं होतं.

मे महिना त्याच विचारात गेला. मेच्या मध्यापासून पाणी सतरा-अठरा अंशांवर जातं आणि कार्पचा विणीचा काळ सुरू होतो. गुडघाभर पाण्यात एकेका मादीमागे तीन-चार नर, पाठी पाण्याबाहेर, लव्हाळ्यात नुसता धुडगूस. एकेक मोठी मादी लाखांनी अंडी घालते, ती चिकट असतात, बुडालेल्या गवताला चिकटून बसतात. मासे इतके जवळ असतात की हाताने धरावेत. पण त्यांचं लक्ष खाण्याकडे नसतं. या दिवसांत रॉड घरी ठेवायचा हा नियम मी आधीपासूनच पाळतो. नुसता थर्मास घेऊन जातो आणि बघत बसतो. सायकलवरून जाणारे थांबतात, विचारतात, काय चाललंय? मी सांगतो. ते म्हणतात, 'ग्रॉस!' आणि पुढे जातात.

जूनमध्ये या नदीवर माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट घडते. काठावर कॉटनवुडची मोठमोठी झाडं आहेत. जूनमध्ये त्यांची बोंडं फुटतात आणि आपल्याकडे सावरीचा कापूस उडतो तसा पांढरा कापूस शहरभर उडायला लागतो. तो नदीवर पडतो, भोवऱ्याच्या कडेला त्याचा थर जमतो, आणि तळ उकरणारा हा जाडा मासा चक्क वर येऊन त्यातली बी वेचून खायला लागतो. जाड ओठ पाण्याबाहेर, चुप् चुप् असा आवाज, एखादं लहान मूल बशीतून चहा पितंय असं वाटावं. मग आपणही पांढऱ्या पिसांचा एक पुंजका बांधायचा आणि हजार खऱ्या कापसांमध्ये तो एक खोटा तरंगू द्यायचा. तासातासाने एखाद्या वेळी तोच निवडला जातो. गणित मांडलं तर हा मूर्खपणा आहे. पण तो काळा-सोनेरी जबडा आपल्या किड्याखाली उघडतो तेव्हा गणित कोणाला आठवतं?

जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे साडेपाचला पाण्यावर असावं लागतं. दहापर्यंत ऊन चटके देतं, दुपारी डोंगरावरून गडगडाट येतो आणि पाऊस पडला की शहरभरच्या गटारांचं पाणी नदीत. १९६५ च्या जूनमध्ये या नदीला भयंकर पूर आला होता. त्यानंतर वरच्या अंगाला चॅटफील्ड धरण बांधलं, ते १९७५ साली पुरं झालं. १९७४ पासून काठ साफ करायचं कामही हाती घेतलं, म्हणून आज इथे सायकल ट्रॅक आहे. तरी शहराची नदी ती शहराची नदी. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही, दिसला नाही तर माझा खेळ नाही.

अशाच एका सकाळी पुलाखाली एक आजोबा भेटले. पूर्व युरोपातून येऊन इथे स्थायिक झालेले. घडीच्या खुर्चीत बसून मक्याचे दाणे लावून कार्प धरत होते. त्यांच्या लहानपणी नाताळच्या आदल्या रात्री कार्पच असायचा, आणि तोवर तो दोन दिवस घरच्या बाथटबमध्ये पोहायचा, असं त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांच्यासमोरच मला एक लागला. मी सोडला. आजोबांनी मान हलवली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "यू डोन्ट ईट, व्हाय यू कॅच?"

घ्या! मी मोठ्याने हसलो. एक माळ घालणारा, एक कार्प तळून खाणारा, प्रश्न तोच.

त्या आठवड्यात मी बसून वाचन केलं. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्राउटच्या डोक्यात आणि ओठांजवळ इजा ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. ओठात ॲसिड टोचलेल्या ट्राउट तळाच्या खडीवर ओठ घासत होत्या. याला 'वेदना' म्हणायचं की नाही यावर शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, ते चालू राहोत, पण 'माशाला काही होत नाही' हे वाक्य मी त्या दिवसापासून वापरायचं सोडलं. दुसरी गोष्ट त्याहून जुनी. ब्यूकेमा नावाच्या डच संशोधकाने १९७० साली कार्पवरचे प्रयोग छापले. एकदाच गळाला लागलेला कार्प त्यानंतर सहसा गळाला लागत नाही, तो एका अनुभवात शिकतो आणि ते दीर्घकाळ लक्षात ठेवतो. आमच्या टीममध्ये एकच बग प्रॉडक्शनला तीनदा जातो, त्या मानाने हे फारच कौतुकास्पद आहे. पण गंमत सोडा. जो प्राणी लक्षात ठेवतो, त्याच्या लक्षात ठेवण्यासारखं आपण काहीतरी केलेलं असतं. सोडून दिल्याने ते पुसलं जात नाही.

मग छंद सोडायचा? तेही पटेना. कारण या नदीकडे मी एरवी बघितलंच नसतं. पाणी किती अंशांवर आलं, कापूस कधी फुटला, क्रॉफिश म्हणजे तो लॉब्स्टरचा चुलतभाऊ कुठल्या दगडाखाली असतो, हे सगळं मला माशाने शिकवलं. या शहरात आलो तेव्हा ऑफिस, अपार्टमेंट आणि इंडियन स्टोअर एवढा त्रिकोण मला माहीत होता. आता उत्तरेकडे सांडपाणी शुद्ध करून सोडतात तिथलं पाणी कोमट असतं आणि तिथे हिवाळ्यातही कार्प हिंडतात, हे मला ठाऊक आहे. एखाद्या गावाची ओळख होणं म्हणजे याहून वेगळं काय असतं? यावर कोणी म्हणेल, मग नुसतं बघ की! मे महिन्यात बघतोसच ना? बरोबर आहे. पण नुसतं बघताना मी अर्ध्या तासात फोन काढतो. हातात रॉड असला की तीन तास काढत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा सगळ्यात अवघड काळ. नदी आटते, पाणी नितळ होतं, कॉटनवुड पिवळेजर्द. मासे हिवाळ्यासाठी भरपूर खात असतात पण लांबूनच तुमची सावली ओळखतात. त्यातले कित्येक त्या उन्हाळ्यात कोणा ना कोणाच्या गळाला लागून आलेले, ब्यूकेमाचे पदवीधर. लीडर आणखी लांब आणि बारीक करायचा, गुडघ्यावर बसून फेकायचं.

गळाचा उलटा काटा मी नेहमीच पकडीने दाबून टाकतो, बिनकाट्याचा गळ सहज निघतो. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी ती पकड हातात होती आणि वाटलं, बघू तरी. पूर्ण वाकच कापून टाकला. उरला फक्त सरळ दांडा आणि त्यावर बांधलेली पिसं. ट्रॉलीच्या खालच्या अंगाला एक मोठा मासा पालथा पडून खात होता. किडा पलीकडे टाकला, ओढत आणला, सोडला. तो वळला. मिशा पुढे आल्या. कल्ले फुगले. किडा आत गेला. छाती तेवढीच धडधडली, अगदी तेवढीच. मग त्याने तो थुंकला, जरा मागे सरकला, आणि दोन मिनिटांनी पुन्हा खायला लागला. मी उठलो नाही, तो पळाला नाही. एरवी जाळीत आलेला मासा दिसतो, तो घाबरलेला असतो. हा आपल्या कामात होता आणि मी पंधरा फुटांवरून त्याचं काम बघत होतो.

रात्री अण्णांना फोन करून हे सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, काट्याशिवाय! आता बोला. अण्णा नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत थांबले.

"म्हणजे आता नुसताच फसवतोस."

यावर काय बोलणार! मी हसलो, तेही हसले. मग त्यांनीच विचारलं, "तो परत त्याच जागी येतो का रे? आणि थंडीत जातो कुठं?" पुढची वीस मिनिटं आम्ही साउथ प्लॅटच्या डोहांबद्दल बोलत होतो. उजनीत कोणता मासा कधी वर येतो हे अण्णांना इतकं माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. धरणाचं पाणी आलं तेव्हा ते शाळकरी होते आणि दिवस दिवस काठावर बसत, असं म्हणाले.

हा वाद माझ्या बाजूने सुटलेला नाही. अण्णांचं म्हणणं मला खोडून काढता आलं नाही, आणि रॉड विकून टाकावा असंही वाटत नाही. गळाने ओढलेल्या माशाचं ते दहा मिनिटांचं वजन हाताला अजून हवं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. जे करतोय त्याची किंमत दुसरं कोणीतरी मोजतंय एवढं डोळे उघडे ठेवून करावं, आणि जेवढं कमी मोजायला लावता येईल तेवढं लावावं, इथपर्यंत मी आलोय.

सध्या बाहेर बर्फ आहे आणि मी वाइसवर पुढच्या हंगामाचे किडे बांधतोय. या वर्षी डबीला दोन कप्पे केलेत. एकात गळवाले, एकात वाक कापलेले. आज मोजले तर दुसऱ्या कप्प्यात चार जास्त भरले.

एप्रिलला अजून अवकाश आहे. बघू.